खरा ऊद कोणता?

दोन वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, लेक पहिल्या बाळंतपणाला चिखलीला माहेरी आली होती. बाराव्या दिवशी बारसं होतं. जावईबापू शारजाहून सुट्टी काढून आले होते. त्यांनी माझ्यासाठी एक मखमली डबी आणली. आत अत्तराच्या दोन छोट्या बाटल्या आणि लाकडाच्या काळपट ढलप्यांची एक पुडी. एका बाटलीवर ‘कंबोडी’, दुसरीवर ‘हिंदी’ असं लिहिलेलं. दुकानदारानं त्यांना समजावून सांगितलं होतं ते त्यांनी आम्हांला सांगितलं. कंबोडी ऊद सौम्य, थोडा गोडसर, दिवसा नि कचेरीत लावायचा. हिंदी ऊद उग्र, तो लग्नकार्याला, रात्रीच्या दावतीला, आणि तोही काडीच्या टोकाएवढाच.

तेवढ्यात माजघरातून धूर आला. माझी आई, वय वर्षं एक्क्याऐंशी, शेगडीवर धुरी घालत होती. विहीणबाईंनी कौतुकानं विचारलं, “काय घालता हो आजी यात? फार छान वास येतो.”

आई म्हणाली, “ऊद हाय. ओवा, वेखंड, अन् ऊद.”

मी तीस वर्षं इतिहास शिकवला आहे. त्यामुळं चूक दिसली की दुरुस्त करायची खोड जडलेली. हातात जावईबापूंची बाटली होतीच. मी सर्वांदेखत म्हणालो, “आई, तो ऊद नाही. तो लोबानाचा प्रकार. खरा ऊद म्हणजे हा बघ.”

आईनं माझ्याकडं पाहिलं. “मंग येवढे वर्सं म्या काय जाळलं रे?” एवढंच म्हणाली. पाहुणे हसले, मीही हसलो. आईनं पुडी गुंडाळून कनवटीला लावली आणि शेगडी उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवली. बाळाच्या डॉक्टरांनीही धूर नको असं सांगितलेलं होतं, त्यामुळं शेगडी बाहेर गेली याचं कुणाला काही वाटलं नाही. पण त्यानंतर दसऱ्याला, दिवाळीला, अमावास्येला, आमच्या घरात ऊद घातला गेला नाही. मी एकदोनदा विचारलं. “तुमचा खरा घाला की,” असं उत्तर आलं.

पुढं मी जे वाचलं, शोधलं, ते या उत्तरामुळं.

*

आधी वस्तू पाहू. अगर नावाचं झाड आसामात, सिल्हेटकडं, पुढं ब्रह्मदेशापासून थेट इंडोनेशियापर्यंत होतं. शास्त्रीय नाव अॅक्विलारिया. निरोगी झाडाचं लाकूड पांढरट, हलकं आणि बिनवासाचं असतं. किड्यानं पोखरलं, फांदी मोडली, आत बुरशी शिरली, की झाड त्या जागी राळेसारखं काळसर द्रव्य तयार करतं. ते मुरत गेलेलं जड लाकूड म्हणजे अगर. संस्कृतात अगरू, काळ्या जातीला कृष्णागरू किंवा कालागरू. अरबीत त्याला ‘ऊद’ म्हणतात, आणि ऊद या शब्दाचा तिथं मूळ अर्थ नुसता ‘लाकूड’. ज्या तंतुवाद्याला अरब ऊद म्हणतात त्याचंही नाव तिथूनच आलं.

ढलप्या भिजवून, पाण्यासोबत उकळून, वाफ थंड करून तेल काढतात. भट्टीला लावण्याआधी लाकूड किती दिवस भिजवलं यावर तेलाचा स्वभाव बदलतो. आसामकडं ते बरेच दिवस भिजवण्याची रीत, म्हणून ‘हिंदी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेलाला पहिल्या झटक्यात चामड्याचा, अगदी गोठ्याचासुद्धा वास येतो. तासाभरानं तो निवतो आणि खालून लाकडाचा, मधासारखा वास वर येतो. कंबोडी म्हणून विकलं जाणारं तेल पहिल्यापासूनच फळासारखं गोडसर लागतं. म्हणजे जावईबापूंच्या दुकानदारानं सांगितलेला सौम्य-उग्र हा भेद खोटा नव्हता. आखाती दुकानांत हे तेल आजही तोळ्यावर विकतात. साडेअकरा ग्रॅमहून थोडं जास्त, आपल्या सराफाचाच तोळा. हा व्यापार कुणाच्या हातून तिकडं गेला ते त्या मापावरून कळतं. आसामातल्या होजाईचा माल मुंबईच्या बाजारातून आखातात जात आला आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठारात येणाऱ्या मौल्यवान वस्तूंमध्ये अगरू आहे. जोंगक, दोंगक, पारसमुद्रक अशा जाती रंगावरून आणि वासावरून वेगळ्या केल्या आहेत. यांतलं तिसरं नाव सरळच समुद्रापलीकडचं. म्हणजे ‘कुठला ऊद चांगला’ हा वाद दोन हजार वर्षांपूर्वीही होताच.

*

मग कुठला वास कुठल्या वेळी, हे कोण ठरवत होतं?

सगळ्यांत जुनं उत्तर वैद्यांचं आहे. चरकसंहितेतल्या ऋतुचर्येत हेमंतात अंगाला अगरूचा दाट लेप लावायला सांगितला आहे आणि उन्हाळ्यात चंदनाचा. अगरू उष्ण, चंदन शीत. प्रसंगापेक्षा ऋतू महत्त्वाचा. आमच्याकडचे अत्तरवाले आजही हेच सांगतात: उन्हाळ्यात खस, मोगरा, मातीचं अत्तर, थंडीत हिना, शमामा, ऊद. मे महिन्यात चिखलीच्या बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत उग्र ऊद लावून एसटीत बसलेला माणूस ज्यानं सोसला आहे, त्याला चरकाचा पुरावा लागणार नाही.

त्याच चरकसंहितेत नव्या बाळाचे कपडे, अंथरूण-पांघरूण धुपवायची यादी आहे. त्यात गुग्गुळ, वेखंड, हिंग, मोहरी, जवस असली द्रव्यं येतात. अगरूचं काम तिथं नाही. तो भोगाचा, अंगाला लावायचा वास. बाळंतिणीच्या खोलीला वेगळा वास लागतो, राखणीचा. हे वाचलं तेव्हा मला पहिला टोला बसला. आईच्या शेगडीवरचं वेखंड या यादीतलं होतं. माझी बाटली नव्हती.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अध्याय लिहिला आहे. तिथं त्यानं सोळा द्रव्यांचा कोठा मांडला आहे. त्यांत अगरू आहे, पण एकटा नाही. नागरमोथा, वाळा, दवणा, कचोरा, तगर, कापूर, चंदन यांच्या पंगतीत बसलेला आहे. सोळांपैकी कुठलीही चार द्रव्यं निवडली तर १८२० जोड्या होतात, असं तो हिशेब करून सांगतो. वारकऱ्याच्या कपाळाचा काळा बुक्का ज्यांपासून करतात, ती नागरमोथा, कचोरा, दवणा, वाळा ही द्रव्यं या कोठ्यातलीच आहेत. शेगावला मंदिरातून बाहेर पडताना कपाळाला जो वास येतो, त्याची वंशावळ इतकी जुनी आहे. आणि तो वास सौम्य आहे. शेजारच्या माणसाला तो येत नाही, ज्यानं लावला त्यालाच येतो.

आपल्या मुलखाच्या जवळचा मोठा ग्रंथ म्हणजे मानसोल्लास. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा, बाराव्या शतकातला. राजानं काय काय भोगावं याच्या त्यात याद्या आहेत, आणि विलेपन नि धूप हे दोन्ही स्वतंत्र भोग म्हणून येतात. धूपही एकाच तऱ्हेचा नाही. भुकटीचा, गोळीचा आणि वातीचा. आपली उदबत्ती ही त्या वातीची नात म्हणायला हरकत नाही.

आणि एक ग्रंथ असा आहे की त्याचा उल्लेख मराठी माणसानं करायलाच हवा. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी आयुष्यभर हस्तलिखितं चाळून चपातीपासून चष्म्यापर्यंत कशाकशाचे इतिहास लिहिले. सुगंधाच्या शास्त्रावरची संस्कृत पोथी त्यांनी उजेडात आणली: गंगाधराचा ‘गंधसार’, आणि सोबत कर्त्याचं नाव नसलेला ‘गंधवाद’. या गंधवादावर मराठी टीका आहे. १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं हे दोन्ही ग्रंथ छापले. म्हणजे कधीतरी कुणा मराठी माणसाला सुगंधाच्या पाककृती मराठीतून समजावून सांगाव्याशा वाटल्या होत्या. ती टीका राजासाठी असेल की गंध्याच्या दुकानासाठी, कोण जाणे. पण समजावून सांगायची गरज पडली ती संस्कृत न येणाऱ्यालाच पडली असणार.

*

आता आमच्या जिल्ह्याकडं येतो.

१५९६ साली वऱ्हाड मोगलांकडं गेला. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची सरकारं दिली आहेत, त्यांत मेहकर आहे. आमच्या चिखलीपासून तासाभराच्या वाटेवरचं मेहकर. त्याच आईनमध्ये अकबराच्या खुशबूखान्यावर एक प्रकरण आहे. मेहकरचा महसूल आणि उदाचा भाव एकाच ग्रंथात सापडावा, याची मला गंमत वाटली. उदाचा भाव शेराला २ रुपयांपासून १ मोहोरेपर्यंत दिला आहे. त्या काळी मोहोरेचे ९ रुपये धरत, म्हणजे साध्या आणि उत्तम मालात साडेचार पटींचा फरक. पाण्यात बुडणारा तो उत्तम, अर्धवट बुडणारा मधला, तरंगणारा हलका.

या प्रकरणात मला हवं ते सापडलं. एकच अगर तिथं निरनिराळ्या कामांना जातो. दरबारात सोन्यारुप्याच्या धूपदाण्यांत तो जाळत. बाटलीला मातीचा लेप देऊन, तोंड खाली करून, शेणीच्या आचेवर त्याचा ठिबकणारा अर्क काढत. तो चोवा. आपल्या जुन्या मराठीत ‘चोवाचंदन’ असा जोडशब्द येतो, त्यातला चोवा हाच. आणि या चोव्याचा थोडा अंश चंदन, कापूर, गुलाबपाण्यात मिसळून अर्गजा करत. अर्गजा कशासाठी? तर उन्हाळ्यात अंग थंड राहावं म्हणून.

म्हणजे चरकानं जो अगरू थंडीतच लावायला सांगितला, तो मोगल उन्हाळ्यातही लावत होते. मात्र पातळ करून, चंदन-कापराच्या सोबतीनं. सौम्य ऊद आणि उग्र ऊद अशा दोन बाटल्या त्यांच्याकडं नव्हत्या. एकाच लाकडाला प्रसंगाप्रमाणं किती पुढं येऊ द्यायचं, हे ठरवणारे हात होते. जाळला की सगळा दरबार व्यापणारा; अर्गज्यात मिसळला की मनगटापुरता. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांतही हे ज्ञान होतं. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी सुगंधांवर ‘इत्र-इ-नौरसशाही’ नावाचा फारसी ग्रंथ लिहिला गेला. आपल्याकडं लग्नात मनगटाच्या मागं अत्तराचा फाया आणि वर गुलाबदाणीचा शिडकावा, ही पद्धत राहिली. त्यातही हेच गणित आहे. शंभर माणसं मांडवात बसायची असतील तर प्रत्येकाला थोडंच.

१७२४ साली आमच्या जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्कानं मुबारिझखानाला हरवलं आणि वऱ्हाड हैदराबादच्या अमलाखाली गेला. कचेरीतले फारसी-अरबी शब्द घरोघर पोचायला तीन-चार शतकं मिळाली. ऊद हा त्यांतलाच एक. पण शब्द आला आणि वस्तू बदलली.

*

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ची, ‘ऊद’ या शब्दापुढं अगर नाही. तिथं बेंझॉइन आहे. बेंझॉइन म्हणजे सुमात्रा-सयामकडच्या स्टायरॅक्स झाडाचा डिंक. त्या झाडालाही चीर द्यावी लागते, मग तो पाझरतो. अरब व्यापारी त्याला ‘लुबान जावी’, जावाकडचा लोबान म्हणत. त्यातलाच ‘बान जावी’ युरोपात जाऊन बेंझॉइन झाला. आमच्याकडं मात्र त्याला ऊद म्हणू लागले.

असं का झालं असेल? कोठारात ठेवायचा, मोहोरेनं मोजायचा अगर वऱ्हाडातल्या कुणब्याच्या घरी कधी जळला नसणार. पण धूर हवाच होता. बाळंतिणीला, देवीच्या गोंधळाला, दसऱ्याला, घरात कुणी गेल्यावर. जो डिंक परवडला, त्याला श्रीमंताच्या लाकडाचं नाव मिळालं. हा माझा तर्क आहे, पण भाषेत असं पुष्कळदा होतं. दोन शब्दांकडं पाहा: अगरबत्ती आणि उदबत्ती. एक संस्कृतातून, दुसरा अरबीतून. दोन्हींचा अर्थ एकच, अगराची वात. आणि आज किराणा दुकानातल्या पुड्यात दोन्हींतही अगर नाही. तरी कुणी उदबत्ती लावणाऱ्याला थांबवून ‘ही खोटी’ म्हणत नाही.

१८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत गेली, १८७० साली खामगावला कापसासाठी फाटा आला. कापूस मुंबईला जायचा, येताना मुंबईचा माल यायचा. आई लग्न होऊन आली तेव्हापासून ऊद खामगावच्या पेठेतून येत असे. वर्षातून एकदा, पावशेर, जाड कागदात. वडील जिनिंगच्या कामाला जात तेव्हा आणत. ते गेल्यावर मी आणायला लागलो. म्हणजे ज्याला मी खोटा म्हणालो, तो गेली अठरा वर्षं मीच विकत आणत होतो आणि दुकानात मागताना ‘ऊद द्या’ असंच म्हणत होतो. दुकानदारानं कधी ‘कुठला?’ म्हणून विचारलं नाही.

होळीनंतर आमच्या भागात सैलानीची यात्रा भरते. पिंपळगाव सराईजवळ, बाबांच्या दर्ग्याला. होळीला नारळांची होळी पेटते, मग संदल निघतो. हिंदू-मुसलमान, वऱ्हाडातले, मराठवाड्यातले, खानदेशातले, सगळे येतात. तिथल्या धुरात काय काय जळतं ते वेगळं करणं अवघड आहे: लोबान, ऊद, अगरबत्ती, खोबरं. संदल म्हणजे चंदनच, नाव फक्त फिरून आलेलं. गेल्या वर्षी मी तिथं गेलो होतो तेव्हा एक म्हातारी बाई शेजारणीला सांगत होती, “हा उदाचा वास, हा लागला की आंगातलं निघून जाते.” मी तिला दुरुस्त केलं नाही.

*

राहिली माझी बाटली.

मेहकरला एक जुने अत्तरवाले आहेत. त्यांच्याकडं दोन्ही बाटल्या घेऊन गेलो. ते उर्दू-अरबी वाचतात. त्यांनी आधी वास घेतला नाही, चष्मा लावून तळाचं बारीक अक्षर वाचलं.

“सर, ह्याच्यावर मुखल्लत लिहिलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे मिसळ. दोन-चार तेलं एकत्र. वाईट नाही, वास चांगला आहे. पण निव्वळ ऊद एवढ्या पैशांत कोण देतो?”

मग त्यांनी समजावलं. जंगलातली झाडं तोडून तोडून संपत आली. १९९५ साली आसामच्या जातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारानं, ज्याला साइटिस म्हणतात, नियंत्रणाखाली आला; दहा वर्षांनी सगळ्याच जाती. आता लागवडीचा अगर येतो, झाडाला मुद्दाम भोकं पाडून रोग लावतात. आणि बाजारात ऊद म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं पुष्कळसं कारखान्यात तयार झालेलं असतं. सौम्य, उग्र, दिवसाचं, रात्रीचं, सगळं त्यातच.

“तुम्ही कोणतं लावता?” मी विचारलं.

“जुम्म्याला मोगरा. ऊद ईदला, थंडीत आली तर. आणि कुणाच्या मय्यतीला घरी बोलावलं तर कफनाला उदाचा धूर देतो. तिथं खरा ढलपा ठेवलाय मी, थोडासा. तिथं मिसळ चालत नाही मला.”

बाटल्या परत देताना पैसे घेतले नाहीत. म्हणाले, जावयानं दिलंय, लावा. मिसळ आहे म्हणून जावयाला सांगू नका.

घरी आलो. आई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. चरकाची धुरी सांगितली, मेहकरचं सांगितलं, मिसळीचं सांगितलं. शेवटी मोल्सवर्थ काढला. म्हटलं, “आई, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजानं पुस्तकात लिहून ठेवलंय. मराठीत ऊद म्हणजे तू घालतेस तोच. तू बरोबर होतीस. मी पाहुण्यांसमोर बोलायला नको होतं.”

आई लसूण सोलतच राहिली. मग म्हणाली, “त्या सायबानं लिवलं म्हून खरं झालं का? म्या सांगतलं तवा नव्हतं?”

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

सालपटं सुपात गोळा करून ती उठली. आत जाता जाता दारातून म्हणाली, “खामगावले गेला तं पावशेर आणजो. अन् येकच पुडी आण, दोन दोन बाटल्या नको.”